पक्षाघाताचे प्रयोग आणि पंजाची परीक्षा

प्राण्यांवरील प्रयोगांविषयी आपल्याकडे वाद होतो, तो बहुतेक वेळा दोन टोकांवरून होतो. प्रयोगशाळेतला प्रत्येक पिंजरा हा क्रौर्याचा पुरावा मानणारे एका टोकाला असतात आणि संशोधनाचे नाव निघाले की पुढे काही विचारूच नये असे मानणारे दुसऱ्या. दोघांच्याही हातून एक साधा प्रश्न निसटतो. शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्या प्राण्याकडून नेमके काय मोजून घेतले जाते, आणि ते मोजमाप रुग्णाच्या काही उपयोगी पडण्यासारखे असते का? मेंदूच्या पक्षाघाताच्या संशोधनात हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहतो. प्रयोगाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना प्राण्यांच्या संख्येइतकेच वजन या मोजमापाला मिळायला हवे, असे माझे म्हणणे आहे. पक्षाघातावरचा उपचार तपासण्यासाठी म्हणून प्राण्याला पक्षाघात घडवायचा आणि त्याच्या अंगाची संवेदना व हालचाल मात्र पुरेसे दिवस, निःपक्षपातीपणे तपासायची नाही, अशा प्रयोगात प्राणी कितीही थोडे असले तरी त्याला परवानगी मिळता कामा नये.

मेंदूतला मृत भाग किती घनमिलिमीटरचा आहे, याच्याशी रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कर्तव्य नसते. अंगावरून वारे गेल्यावर काही दिवस गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बांबोळीतल्या रुग्णालयात) काढून घरी परतलेल्या, सत्तरी किंवा पेडणे तालुक्यातल्या माणसाच्या अडचणी निराळ्या असतात. चालताना पाय ओढला जातो, पेला हातातून सुटतो, सदऱ्याची बटणे लागत नाहीत. गोव्यात तर रोजचे जेवण हीच एक कडक परीक्षा असते. हुमणातल्या (माशांच्या कालवणातल्या) तारल्याचा काटा बोटांनी चाचपून वेगळा काढायचा तर बोटांच्या टोकांची संवेदना शाबूत असावी लागते आणि अंगठा व तर्जनी यांची चिमूटही नेमकी जुळावी लागते. संवेदना गेली आणि हालचाल राहिली, तर काटा सापडत नाही. हालचाल गेली आणि संवेदना राहिली, तर सापडलेला काटा निघत नाही. मग घरची माणसे काटे काढून मासे वाढू लागतात आणि तो माणूस हळूहळू चमच्याकडे वळतो. मेंदूच्या छायाचित्रात यातले काही दिसत नाही.

ही दुहेरी उणीव उंदरातही वेगवेगळी मोजता येते. टेक्सासमधील टिमोथी शॅलर्ट यांच्या गटाने १९८०च्या दशकात रूढ केलेल्या चाचणीत उंदराच्या पुढच्या पंजांवर चिकटपट्टीचे लहानसे तुकडे लावले जातात आणि दोन वेळा टिपल्या जातात. प्राण्याला पट्टीची जाणीव होऊन तो तिला तोंड लावतो तोवरचा काळ ही पहिली वेळ, आणि दातांनी ती ओढून काढतो तोवरचा काळ ही दुसरी. पहिली लांबली तर संवेदनेत बिघाड आहे आणि पहिली ठीक असून दुसरी लांबली तर हालचालीत, असा ढोबळ निष्कर्ष काढता येतो. उपकरण म्हणावे असे यात जवळजवळ काही लागत नाही. लागतो तो वेळ, कारण प्राण्यांना आधी काही दिवस या प्रकाराची सवय करून द्यावी लागते. सवय नसलेला उंदीर घाबरून नुसता बसून राहिला, तर त्याचे भय हीच त्याची व्याधी म्हणून नोंदली जाईल.

प्रयोगशाळेत पक्षाघात घडवण्याची सर्वांत रूढ रीत अशी, की भूल दिलेल्या प्राण्याच्या मानेतील धमनीतून नायलॉनचा बारीक धागा वर सरकवून मेंदूच्या मधल्या धमनीचे तोंड बंद करायचे आणि ठरावीक वेळाने धागा मागे ओढून रक्तप्रवाह पुन्हा सुरू करायचा. जपानमध्ये कोइझुमी आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली ती मांडली आणि १९८९ साली लोंगा यांच्या गटाने तीत सुधारणा केली. कवटी उघडावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. पण तिचे दुष्परिणाम मोजमापात मिसळतात, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. मानेतून चेहऱ्याकडे रक्त नेणारी बाहेरची कॅरोटिड धमनी बांधली गेल्यामुळे चघळण्याच्या स्नायूंचा रक्तपुरवठा घटतो, प्राणी नीट खात नाही आणि त्याचे वजन उतरते. धागा फार वेळ आत राहिला तर रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूत शरीराचे तापमान राखणाऱ्या भागालाही इजा पोचते आणि अंगात ताप चढतो. असा प्राणी फिरत्या दांड्यावरून लवकर खाली पडला, तर तो अंगाची एक बाजू लुळी पडल्यामुळे पडला, की उपाशी आणि तापलेला होता म्हणून?

रोटारॉड नावाची ही फिरत्या दांड्याची चाचणी अतिशय लोकप्रिय आहे आणि तिची लोकप्रियता मला तिच्या योग्यतेहून जास्त वाटते. यंत्र आकडा आपोआप देते, निरीक्षकाला निकाल वाकवायला फारसा वाव राहत नाही, हे खरे. परंतु दांड्यावर टिकून राहणे हे तोल, वजन, सराव आणि प्राण्याची इच्छा या साऱ्यांवर अवलंबून असते, आणि उजव्या बाजूची उणीव डाव्या बाजूने भरून काढलेली तिथे कळतच नाही. पक्षाघात तर मुळात एका बाजूचा आजार आहे. त्यासाठी दोन बाजूंची तुलना करणाऱ्या चाचण्या हव्यात. पारदर्शक नळकांड्यात ठेवलेला रॅट मागच्या पायांवर उभा राहून भिंत चाचपतो, तेव्हा तो कोणता पंजा किती वेळा टेकवतो हे मोजले, तर निरोगी प्राण्यात दोन्ही पंजांचा वापर जवळपास सारखा भरतो आणि इजा झालेल्यात तो एकीकडे झुकतो. तीस अंशांच्या कोनात जोडलेल्या दोन फळ्यांच्या कोपऱ्यात शिरलेला निरोगी उंदीर परतताना कधी डावीकडे वळतो, कधी उजवीकडे. पक्षाघातानंतर तो आपल्या धडधाकट बाजूकडेच वळत राहतो. या दोन्ही चाचण्यांत प्राण्याला जबरदस्ती नाही आणि वेदना नाही. मात्र नळकांड्यात पुन्हा पुन्हा सोडलेल्या रॅटचे कुतूहल ओसरते आणि तो उभाच राहीनासा होतो, म्हणून त्या चाचणीलाही मर्यादा आहे. एकाच चाचणीवर भिस्त ठेवणारा प्रस्ताव समोर आला की समितीने सावध व्हायला हवे.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे. कॅनडातील लेथब्रिज विद्यापीठाचे इयान व्हिशॉ यांनी रॅटच्या पंजाच्या हालचाली चित्रफितीवर तुकड्यातुकड्याने तपासून दाखवले, की इजा झालेला प्राणी काही आठवड्यांनी फटीतून हात घालून खाद्याची गोळी पुन्हा उचलू लागला, तरी ती पूर्वीसारखी उचलत नाही. मनगट वळत नाही म्हणून तो सगळे अंगच वळवतो. किती गोळ्या उचलल्या एवढेच मोजले तर तो बरा झाला असे दिसेल. कशा उचलल्या हे पाहिले तर तो सावरला आहे, बरा झालेला नाही, हे कळेल. आपल्या घरातल्या रुग्णांतही हा भेद असतो. खांदा उचलून आणि कंबर झुकवून घास तोंडाशी नेणाऱ्या माणसाच्या कागदावर ‘स्वतः जेवतो’ अशी नोंद होते. औषधाने मेंदू दुरुस्त केला की प्राण्याने आपल्या अकलेने वाट काढली, हे न ओळखणाऱ्या चाचणीवर औषधाचे भवितव्य ठरवणे ही फसवणूक आहे, मग ती नकळत झालेली का असेना.

प्रत्यक्षात काय होत आले आहे? पुष्कळ प्रयोगांत शस्त्रक्रियेनंतर एकदोन दिवसांतच प्राणी मारला जातो, मेंदूचे काप रंगद्रव्यात बुडवले जातात, जिवंत भाग लाल होतो, मृत भाग पांढरा राहतो, पांढऱ्याचे क्षेत्रफळ मोजले जाते आणि औषधाने ते घटले असे लिहून प्रबंध पुरा होतो. वर्तनाची तपासणी झालीच, तर शून्य ते तीन किंवा चार अशा गुणांची एखादी झटपट श्रेणी लावली जाते: शेपटीला धरून उचलल्यावर पुढचा पाय आखडतो का, ढकलल्यावर प्राणी रेटा देतो का, गोल फिरतो का. इजा झाली की नाही एवढे कळायला ती पुरेशी आहे, उपचाराचा गुण ओळखायला फार भरड. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र औषधाचा निर्णय साधारणपणे ९० दिवसांनी, रुग्ण स्वतःचे व्यवहार कितपत करू शकतो यावरून केला जातो. पहिल्या दिवशीच्या पांढऱ्या डागावरून नव्वदाव्या दिवसाच्या हाताचे भाकीत करायचे, हा जुगार आहे.

त्या जुगाराचा हिशेब उपलब्ध आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पक्षाघातासाठी तपासलेल्या १०२६ उपचारांची मोजदाद झाली. त्यांतले कितीतरी प्राण्यांत यशस्वी ठरले होते, आणि रुग्णाच्या खाटेपर्यंत टिकून पोचले ते मुख्यतः गुठळी विरघळवण्याचे तंत्र. मेंदूच्या पेशींना संरक्षण देणारी म्हणून गाजलेली औषधे एकामागून एक पडत गेली. एनएक्सवाय-०५९ हे त्यांतले सर्वांत चटका लावणारे प्रकरण. पहिल्या मोठ्या चाचणीने आशा दाखवली आणि २००७ साली तीन हजारांहून अधिक रुग्णांवरच्या दुसऱ्या चाचणीने ती पुसून टाकली. नंतर प्राण्यांवरचे जुने प्रयोग तपासले, तेव्हा ज्यांत प्राण्यांची विभागणी यदृच्छेने केली होती आणि निरीक्षकाला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते, त्यांत या औषधाचा गुण कमी आढळला होता, असे निघाले. इथे मला माझ्याच मुद्द्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हे औषध मार्मोसेट माकडांतही तपासले गेले होते आणि तिथे हाताच्या वापराची परीक्षा कित्येक आठवडे घेतली गेली होती. म्हणजे दीर्घकाळ चाललेली चांगली परीक्षा यशाची हमी देत नाही. तिच्याशिवायचे यश मात्र निश्चित पोकळ असते.

दुसरा हिशेब याहून बोचरा आहे. २०१० साली पक्षाघाताच्या प्राणी-प्रयोगांवरील ५२५ शोधनिबंध एकत्र तपासले गेले, तेव्हा मृत भागाच्या आकारावर उपचाराचा लक्षणीय परिणाम झाला नाही असे सांगणारे निबंध अवघे दोन टक्के निघाले. इतके यश कोणत्याही शास्त्राला मिळत नाही. अपयशी प्रयोग कपाटात राहिले, हाच त्याचा अर्थ. त्यांतले प्राणीही मेलेच, आणि पुढच्या कुणाला ते कळले नाही म्हणून तेच प्रयोग पुन्हा होऊन आणखी प्राणी मेले.

गोव्याच्या दृष्टीने आणखी एक तफावत महत्त्वाची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के. बांबोळीला पोचणारा पक्षाघाताचा रुग्ण बहुधा वयस्क, मधुमेही किंवा रक्तदाबाचा असतो. प्रयोगातला उंदीर बहुधा तरुण, निरोगी आणि नर. तरुण उंदीर तसाही दोन-तीन आठवड्यांत आपोआप बराच सावरतो, त्यामुळे भरड चाचणीत उपचार झालेला आणि न झालेला असे दोघेही सारखेच दिसू लागतात. त्यातच उंदीर निशाचर. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, दिवसा म्हणजे उंदरांच्या विश्रांतीच्या वेळी पक्षाघात घडवला तेव्हा गुणकारी ठरलेले तीन उपचार, रात्री घडवला तेव्हा निष्प्रभ ठरले. माणसांना पक्षाघात बव्हंशी जागेपणीच्या काळात होतो आणि प्रयोगशाळा चालते कचेरीच्या वेळात. (पुरुष संशोधकाच्या वासानेही उंदीर ताणाखाली येतात, हे मॉन्ट्रियलमध्ये २०१४ साली दिसून आले; त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरत होते.)

मग हे प्रयोग बंदच का करू नयेत? हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण त्याचे उत्तर देताना एडवर्ड टाऊब यांचे प्रकरण टाळता येत नाही. अमेरिकेत सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेतून १९८१ साली पोलिसांनी माकडे जप्त केली. तिथल्या अवस्थेची छायाचित्रे आजही बघवत नाहीत. खटला झाला, दोषी ठरवणारा निकाल पुढे अपिलात टिकला नाही. मात्र अशाच माकडांच्या आधीच्या अभ्यासातून टाऊब यांना उमगले होते, की संवेदना गेलेला हात प्राणी वापरायचाच सोडून देतो आणि चांगला हात बांधून ठेवला तर तो पुन्हा वापरू लागतो. त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती २००६ साली २२२ रुग्णांच्या चाचणीत उपयोगी ठरली, आणि आज फिजिओथेरपिस्ट चांगल्या हातावर जाड मोजा चढवून रुग्णाला अधू हाताने कामे करायला लावतात, ती त्याच पद्धतीची देणगी. त्या माकडांना तसे ठेवण्याचे समर्थन यातून होत नाही. पण हाताची हालचाल दिवसेंदिवस निरखल्यामुळेच ते ज्ञान मिळाले, मेंदूचे काप करून मिळाले नसते, हेही खरे आहे.

दुसरे उदाहरण इशाऱ्याचे आहे. शॅलर्ट यांच्याच गटाने १९९६ साली रॅटचा चांगला पंजा इजेनंतर लगेच प्लास्टरमध्ये जखडला, तेव्हा अधू पंजावर पडलेल्या अतिरिक्त भारामुळे मेंदूतली इजा वाढलेली आढळली. २०१५ साली पाच देशांतील २१०४ रुग्णांच्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच वरचेवर उठवून हालचाल करायला लावलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या शुश्रूषेतल्या रुग्णांहून थोडी वाईटच निघाली. दोन्ही प्रयोग एक नव्हेत, पण दिशा एक आहे: फार लवकर आणि फार जास्त नको. बशीत वाढवलेल्या पेशी किंवा संगणकावरचे प्रतिरूप विषारीपणा तपासायला उत्तरोत्तर अधिक कामी येईल, आणि २०२३ साली आपल्या औषधचाचणी नियमांत बदल करून सरकारने त्या मार्गाला जागा दिली हे योग्यच झाले. पण बशीतल्या पेशींना पंजा नसतो. थकवा, सराव, विसर आणि इच्छा यांसह हात कसा परततो, हे सध्या तरी अखंड देहातच पाहावे लागते.

माझ्या भूमिकेवर शास्त्रज्ञांचा आक्षेप वेगळा असेल, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो. प्राण्याला महिनाभर जगवून त्याच्या चाचण्या घ्यायच्या म्हणजे त्याला महिनाभर अधू जगायला लावायचे. २४ तासांत संपवणे हीच दया नव्हे का? एकेका प्राण्यापुरते पाहिले तर हे खरे आहे, आणि म्हणूनच मऊ केलेले खाद्य, वेदनाशामक, वजनाची रोजची नोंद आणि कोणत्या मर्यादेपलीकडे प्राण्याला जगवायचे नाही याचा आधीच घेतलेला निर्णय, या गोष्टी प्रस्तावात असल्याच पाहिजेत. पण लवकर संपवलेल्या प्राण्याकडून काही कळलेच नाही, तर त्याचे मरण लांबवले नाही एवढेच आपण म्हणू शकतो, सार्थकी लावले असे नाही. माझा कल थोडे प्रयोग, दीर्घ प्रयोग आणि संख्याशास्त्रज्ञाने सांगितले तेवढे प्राणी, याकडे आहे. चार प्राणी वाचवण्यासाठी गट इतका लहान करायचा की निकाल काहीच सांगू नये, ही काटकसर सर्वच प्राणी वाया घालवते.

हे ठरवण्याची जागा कायद्याने आधीच करून ठेवली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रात एक देखरेख समिती आहे आणि तिच्याकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती असावी लागते. उंदरांसारख्या लहान प्राण्यांवरचे प्रस्ताव बहुतांशी तिथेच निकाली निघतात. या समितीत पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, आणि शास्त्रज्ञ नसलेला पण समाजाची जाण असलेला एक सदस्यही असतो. ही शेवटची खुर्ची आपली, नागरिकांची आहे. तिथे बसणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकाला किंवा वकिलाला मेंदूचे शास्त्र कळण्याची गरज नाही. तुम्ही रुग्णाच्या हाताबद्दल बोलता आहात, तर उंदराचा पंजा कितव्या दिवसापर्यंत पाहणार, पाहणाऱ्याला गट ठाऊक असणार का, आणि निकाल मनासारखा आला नाही तर तो कुठे छापणार, एवढे त्याने विचारले आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले, तरी पुष्कळ प्रस्ताव घरी परत जाऊन सुधारून येतील. समाधानकारक उत्तर नसेल तर सही करायची नाही, हा त्याचा अधिकार आहे. माझी सूचना पुढची आहे: या खुर्चीवर पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करणारा फिजिओथेरपिस्ट किंवा रुग्णाची वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेला एखादा नातलग बसावा, कारण सावरणे आणि बरे होणे यांतला भेद त्याने रोज पाहिलेला असतो.

राहिला प्रश्न विद्यार्थ्यांचा. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांत प्रबंध द्यायचा असतो. त्यातला हाती येणारा प्रत्यक्ष काळ वर्षभराचाही नसतो आणि मार्गदर्शकावरही निकालाचा ताण असतो. झटपट मृत भाग मोजून मोकळे होण्याची वृत्ती यातूनच येते, आणि विद्यार्थ्याला दोष देऊन ती जाणार नाही. पण प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचे प्राणी मारलेच पाहिजेत, असे कुठे लिहिले आहे? अमेरिकेत शासकीय निधीतून सहा प्रयोगशाळांनी मिळून सहा उपचार एकाच शिस्तीत तपासले. त्यात मुख्य निकष होता तो कोपऱ्याच्या चाचणीचा, आणि तिच्या चित्रफिती एका मध्यवर्ती ठिकाणी पाठवून, गट ठाऊक नसलेल्या निरीक्षकांकडून तपासून घेतल्या जात. २०२३ साली निकाल आले तेव्हा आधी ठरवलेली गुणाची रेषा ओलांडली ती एकट्या युरिक आम्लाने. इतर उपचारांची निराशाही छापली गेली, हे मला त्या यशाहून मोठे वाटते. ताळगाव, पणजी, फोंडा, बांबोळी, झुआरीनगर ही ठिकाणे एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. एका संस्थेने केलेल्या प्रयोगाच्या चित्रफिती दुसरीतल्या विद्यार्थ्याने, प्राण्याचा गट न कळता, पंजाच्या प्रत्येक वळणासह तपासाव्यात आणि तोच त्याचा प्रबंध मानला जावा, एवढी मुभा विद्यापीठाने दिली, तर त्यासाठी एकही जादा उंदीर लागणार नाही.